तांबटाच्या घरातला समुद्र

आधी दगड ठेवायचे आणि मग पाणी भरायचं, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि न सांगता कळावी इतकी माझी अक्कल तेव्हाही नव्हती. मी माशांची काचेची टाकी काठोकाठ भरली. बादल्यांमध्ये मीठ कालवून, ढवळून, खारटपणा मोजून तयार केलेलं पाणी अभिषेकाला बसल्यासारखं सावकाश ओतलं आणि चार पावलं मागे सरून स्वतःचंच कौतुक करून घेतलं. मग मुंबईहून आलेले प्रवाळाचे दगड एकेक करून आत सोडायला लागलो. दुसऱ्या-तिसऱ्या दगडालाच पाणी काठावरून उतरलं, पुढच्याला ते दिवाणाखाली शिरलं, आणि हातात आणखी एक दगड धरून 'आता हा कुठे ठेवू' अशा अवस्थेत मी उभा असताना स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा, छायाचा, आवाज आला, की पिठाच्या डब्याखाली ओल कुठून आली, नळ फुटला का. नळ फुटला नव्हता. आमच्या धुळ्यात तेव्हा आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं. फुटायला आधी तो यावा तर लागतो. धुळ्यात समुद्र आला होता आणि त्याची पहिली भरती आमच्या गव्हाच्या पिठापर्यंत पोचली होती.

भाऊ दिवाणावर बसलेले होते. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही. आई गेल्यापासून ते त्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसत. बोलत नसत, विचारलं तर मान हलवत, तीही हो की नाही ते कळू नये अशी. पाणी पायाशी आलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. मग खाली वाकून फरशीवरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारं शे," ते म्हणाले.

आई गेल्यानंतर आपणहून उच्चारलेले त्यांचे ते पहिले शब्द. मी दगड घेऊन उभा, छाया फडकं घेऊन उभी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि पाणी पुसायचं तसंच राहून गेलं. त्या दिवाणाच्या पायांना अजून पांढरट मिठाचा डाग आहे. पॉलिश करणाऱ्याने दोनदा घासला, जात नाही.

इथवर वाचलेला माणूस म्हणेल, बाबा रे, हे तुझ्या वाढण्याचं पुस्तक, आणि या प्रकरणात तर तुझं लग्न झालंय, कचेरीत कारकुनी चिकटलीये, डोक्यावरचे केस निघायला लागलेत. आता वाढायचं राहिलं काय? तर सांगतो. पोटाच्या बाजूने माझी वाढ आजही चालू आहे. पण ज्याला खरं वाढणं म्हणतात ते माझं याच घरात, त्या टाकीसमोर, एका उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात उरकलं.

आमचं घर तांबटाचं. पुढच्या खोलीला लागून कारखाना, म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, आणि तिच्यात भाऊ आणि त्यांचे दोन कारागीर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तांब्याच्या घागरी, हंडे, बंब ठोकत बसलेले. माझ्या लहानपणाला चेहऱ्याआधी तो आवाज आहे. ठण ठण ठण, ठण ठण ठण. मी त्याच आवाजात पाढे पाठ केले, म्हणून अजूनही मला एकोणतिसाचा पाढा ठोक्याशिवाय म्हणता येत नाही. सुट्टीच्या दिवशी ठोके थांबले की आम्हा भावंडांना झोप यायची नाही. या धंद्यात हात शाबूत राहतात, कान जातात. भाऊंचे कान मी शाळेत असतानाच गेले. पण त्यांना ओठ वाचता यायचे, आणि असे की समोरच्याने वाक्य पुरं करायच्या आत ते उत्तर द्यायचे. आईला त्यांच्यापासून काही लपवून सांगायचं असलं की ती पदर तोंडाशी धरायची किंवा त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. तोंड दिसत नसेल तर मात्र ओरडावं लागे, त्या सवयीने आम्ही समोरासमोरही ओरडत असू, आणि ओरडलं की ते अख्ख्या तांबट गल्लीला कळे. भाऊंना हळू सांगता येईल अशी एकही गोष्ट जगात नव्हती.

मग स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, एक कारागीर सुरतेला गेला, दुसरा देवाघरी. कारखान्याला कुलूप लागलं, हातोडे आणि ऐरण दिवाणाखाली गेले. आई होती तोवर भाऊंचा दिवस तिच्याभोवती फिरून कसातरी संपायचा. ती गेली, आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही किडन्या संपत आल्याचं सांगून त्यांचं मीठ बंद केलं.

खानदेशात माणसाचं मीठ बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शेवेची भाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि त्यावर कच्च्या तेलाची धार, हिरव्या मिरचीचा ठेचा, उन्हाळ्यात गच्चीवर वाळणारे ज्वारीचे बिबडे. आमचं सगळं खाणं जिभेला चटका बसेल या बेताने रचलेलं. त्यातून मीठ काढलं की उरतो तो फक्त चटका. भाऊंना वेगळं आणि आपल्याला वेगळं असं छायाने सुरुवातीला करून पाहिलं. पण भाऊ जेवताना आमच्या तोंडाकडे बघत, आणि ओठ वाचणाऱ्या माणसाला कुणाच्या घासात मीठ आहे तेही वाचता येतं. ते ताट सरकवून उठायचे. मग छायाने एका दिवशी काही न बोलता सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी करायला सुरुवात केली. अळणी खिचडी, अळणी वरण, अळणी भरीत. मी कचेरीत डबा उघडला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून कागदातलं मीठ मागून घ्यायचो. ती माझी भ्रष्टाचाराची हद्द.

तरीही भाऊ जेवत नव्हते. दोन घास, की पुन्हा भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, आजार आपला वेळ घेईल, पण यांचं असं न जेवणं त्याच्याआधी पोचेल.

आता ही समुद्राची टाकी मी भाऊंसाठी आणली असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं नव्हतं. नाशिकला एका दातांच्या दवाखान्यात माझी अक्कलदाढ काढत होते आणि समोर खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. तोंड वासून, लाळ गाळत, मी तासभर ती पाहिली. दाढ गेली, अक्कलही तिच्याबरोबर गेली असावी, कारण घरी येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं होतं, की आपल्याकडेही हे पाहिजे. गोड्या पाण्यातले लाल मासे चार घरांत असतात. अख्ख्या धुळ्यात समुद्र कुणाकडे होता?

काच इथल्याच काचवाल्याने जोडून दिली. मीठ, पंप, दिवे, दगड, सगळं मुंबईच्या एका मासेवाल्याकडून महामार्गाच्या बसने येई. हा मासेवाला मला कधी दिसला नाही, फक्त फोनवर ऐकू आला. त्याच्या सूचना न संपणाऱ्या होत्या. पाणी वाफेने कमी झालं की वरून गोडंच पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ काही उडून जात नाही. पाणी गाळणीच्या मशीनचं, नळाचं नाही. आधी महिनाभर नुसते दगड पाण्यात ठेवायचे, जीव कोणताही सोडायचा नाही. आणि शेवटी, दरवेळी न चुकता: "साहेब, तांबं लांब ठेवा. समुद्रातल्या जिवांना तांबं म्हणजे जहर. मासे एक वेळ तगतात, बाकीचं काही राहत नाही."

ही एक सूचना मी घरात जाहीर केली नाही. छायाला स्वयंपाकघरात हळूच सांगितली, तिने टाकीजवळचा पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आत नेला. भाऊंना कशी सांगणार? ज्या माणसाने जन्मभर तांबं ठोकून आम्हाला वाढवलं, ज्याच्या घागरीतलं पाणी लोक औषध म्हणून प्यायचे, त्याला दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात 'तांबं जहर असतं' म्हणून ओरडायचं? राहू दे म्हटलं. भाऊ कुठे टाकीजवळ येताहेत.

पण त्या भरतीच्या दिवसापासून भाऊंनी दिवाण फिरवायला लावला. भिंतीकडचं तोंड टाकीकडे झालं. मिठाचं पोतं कोपऱ्यात उभं केलेलं पाहून ते छायाला म्हणाले, "मन्हा ताटमा मीठ नही, अन मासासले पोतं." ती हसली, आणि मग आत जाऊन रडली. महिनाभर टाकीत दगडांशिवाय काही नव्हतं. बघायला येणारे लोक तोंडभर हसून विचारायचे, मासे फार लाजरे आहेत का. शेजारच्या सिंधूअक्कांनी दगडांना लांबूनच नमस्कार केला, असू दे म्हणाल्या, कुठल्या तीर्थाचे असतील. भाऊ मात्र दगड बघत बसायचे. दिवे बंद असले आणि मागचा निळा कागद काळा पडला की त्या काचेचा चांगला आरसा व्हायचा; भाऊ तिच्यात बघून भांग पाडत. आई गेल्यापासून त्यांनी केसांना कंगवा लावलेला नव्हता.

मग उन्हाळा लागला. आपल्याकडचा उन्हाळा आणि समुद्रातले जीव यांचं काय वाकडं आहे ते मला पाण्यातल्या तापमापीचा पारा चढताना कळलं. गारवा करणारं यंत्र माझ्या पगारात बसणारं नव्हतं. वरून पंखा, समोर वाळ्याचा कूलर, आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या. एक वितळली की दुसरी. मी कचेरीत असताना हे कोण करणार? भाऊंनी न सांगता ते काम घेतलं. फ्रीजमधून बाटली आणायची, पाण्यात सोडायची, वितळली की काढून परत गोठवायला लावायची. दिवसभर. त्यांची पावलं घरात पुन्हा वाजायला लागली.

जीव आले ते सकाळच्या बसने, थर्माकोलच्या खोक्यात, फुगवलेल्या पिशव्यांमधून. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे, काही शंखवाले गोगलगाईसारखे प्राणी, लाल-पांढऱ्या पाठीची एक कोळंबी, आणि दगडाला चिकटलेली तीन-चार जातींची प्रवाळं. त्यातलं एक फार चमत्कारिक होतं. देठावर छोटे छोटे पंजे, आणि ते पंजे आपोआप मिटत, उघडत, मिटत, उघडत. वारा नाही, कुणी हात लावत नाही, तरी सगळ्या मुठी एका तालात. भाऊ त्याच्यासमोर बसले आणि थोड्या वेळाने मी पाहिलं, त्यांचा हात मांडीवर पडत होता. ठण ठण ठण. ठण ठण ठण. त्या मुठींच्या तालावर. कान गेल्यानंतर त्यांना पहिल्यांदाच ठोका दिसत होता.

कोळंबीचं नाव त्यांनी कारागीर ठेवलं. तिचा धंदाच साफसफाईचा. मासा आला की त्याच्या अंगावर चढून एकेक कण वेचायची. एकदा भाऊंनी बाटली काढायला हात घातला तर ती त्यांच्या बोटावर चढली आणि नखं साफ करायला लागली. तांब्याच्या कामाची काळी रेघ त्यांच्या नखांत जन्माची बसलेली, ती आईलाही कधी निघाली नव्हती. भाऊ हात तसाच धरून बसले. बाहेर काढला तेव्हा बोट नकळत तोंडात गेलं, खारं पाणी चाटलं, आणि मी बघतोय हे दिसल्यावर त्यांनी ते गुडघ्याला पुसलं. मी डॉक्टरांना सांगितलं नाही. एका बोटाच्या मिठाने काय बिघडणार होतं ते बिघडून चुकलं होतं.

आणि ते जेवायला लागले. ताट टाकीसमोर मागायचे, कारागिराकडे बघत अळणी खिचडीचा एकेक घास घ्यायचे. ताट रिकामं होई. छाया ते रिकामं ताट मला दाखवायला दारापर्यंत आणायची, जशी लहान पोराचं ताट दाखवते आई. एवढंच होतं त्या टाकीत. त्या पाण्यात कोळंबी होती तोवर एक म्हातारा माणूस जेवत होता.

मे महिन्यात छायाच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, जळगावला. भाऊंना नेणं शक्य नव्हतं. दोन वेळचं जेवण सिंधूअक्का आणून देणार होत्या, डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच, आणि टाकीचं सगळं भाऊंना आमच्यापेक्षा जास्त येत होतं. आम्ही गेलो. जळगावच्या त्या उन्हात मांडव तापला होता. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, आणि भाजीत मीठ. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छायाने बघून मान फिरवली. तिचंही तेच झालं असावं. हळदीच्या संध्याकाळी वादळ आलं, मांडव उडाला, लोक नवरदेवाला सोडून पातेली धरायला धावले. हे वादळ धुळ्यालाही गेलं असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

लग्नानंतर चार-पाच दिवसांनी परत आलो तर सिंधूअक्का आमच्याच ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी आधी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि मग काय काय ठीक नव्हतं ते. वादळात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. लाइट गेली ती दोन दिवस आली नाही. आमचा इन्व्हर्टर तासा-दोन तासांत झोपला असणार, पंप बंद, पंखा बंद. भाऊंनी काय केलं, तर मोरीतला प्लॅस्टिकचा मग घेऊन टाकीजवळ उभे राहिले, आणि पाणी उचलून वरून पुन्हा टाकीत सोडत राहिले, हवा लागावी म्हणून. बसून, उठून, भिंतीला टेकून. अक्का आणि त्यांच्या सुनेने आळीपाळीने हात लावला, तेव्हा कुठे ते पाठ टेकायचे. "अन लाइट उनी, तर काय करं त्याने? दिवाणखालथून हातोडा काढा, अन ठोकाले बसनात," अक्का म्हणाल्या, "कितला वरीसमा गल्लीमा ठोका ऐकू उना. आम्हले वाटनं, कारखाना सुरू व्हयना."

मी आत गेलो. पंप चालू होता. दिवे बंद होते. जीव थकलेत, झोपू द्या त्यांना, म्हणून भाऊंनीच ते बंद ठेवले होते. ते टाकीसमोर बसलेले, आमच्याकडे पाठ. काळ्या पाण्यात दोन्ही केशरी मासे फिरत होते. पंज्यांचं प्रवाळ मेणबत्तीसारखं ओघळून दगडावर सांडलं होतं. शंख उताणे पडले होते. कारागीर एका कोपऱ्यात आडवा, रंग गेलेला. आणि मधोमध, वाळूत थोडी रोवून, तांब्याची एक इवलीशी घागर. लिंबाएवढी. काठ वळवलेला, पोटावर ठोक्यांच्या ओळी एकासारख्या एक, नवी, झळझळीत.

मासे जिवंत होते. म्हणजे लाइट जाऊन काही मेलं नव्हतं, हवेवाचून आधी मासेच जातात. त्या मगाने त्यांनी सगळं वाचवलं होतं. आणि मग पाणी थोडं गढूळ दिसलं, तर तांबटाला जे येतं ते त्यांनी केलं. विहिरीचं पाणी फिरलं की तीत तांब्याचा पैसा टाकायचा, रांजणाचं फिरलं की तांब्याची लोटी सोडायची. त्यांनी समुद्राचं फिरलेलं पाणी सुधारायला घेतलं होतं, आणि साधा पैसा न टाकता आयुष्यातली शेवटची घागर ठोकली होती.

छाया माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खिडकीचं ऊन आमच्या तोंडावर होतं. भाऊ पाठमोरे होते म्हणून मी साध्या आवाजात बोललो.

"तांब्याने मेलं सगळं. त्या घागरीने."

"त्यांना सांगणार आहात?"

"कसं सांगू? हे कळलं तर ते उद्यापासून जेवणार नाहीत."

भाऊंनी थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं. आम्ही आलेले आत्ता कळल्यासारखे हसले. घागरीकडे बोट दाखवून म्हणाले, "पानी फिरी गयथं, म्हनीसन तांबं टाकं. पन कारागीर काही वाचना नही."

मग मी ओरडलो. गल्लीला ऐकू जाईल असा, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडलो, की मालच खराब होता, मुंबईवाल्याने आजारी माल दिला, तुमच्या घागरीने निदान मासे तरी वाचले. दारातून सिंधूअक्का म्हणाल्या, मुंबईचे लोक असेच. समोरच्या घरातून कुणीतरी दुजोरा दिला. ज्या बिचाऱ्याने मला दर फोनला तांबं लांब ठेवा म्हणून बजावलं होतं, तो आमच्या गल्लीत त्या दिवशी बुडाला तो अजून वर आलेला नाही. भाऊंनी माझे ओठ नीट बघितले, शेवटपर्यंत, आणि मान हलवली. या वेळी ती हो अशी हलली.

घागर मी काढू शकलो नाही. वाचवणारी वस्तू काढायची कशी? आणि एक मासा तिच्यात घुसून तोंड बाहेर काढून बसायला लागला होता, ते बघून भाऊ खूश. घागर आत होती तोवर दुसरी कोळंबी आणणं म्हणजे तिला मारायला आणणं. आणि भाऊ रोज विचारणार. मी कचेरीतून आलो, चपला काढल्या, की, "कारागीर कव्हय येई?" आणि मी ओरडायचो. कसारा घाटात दरड आलीये, बस बंद. समुद्र खवळलाय, माणसं उतरत नाहीत. श्रावण आहे, मासेवाला दुकान उघडत नाही. आता सांगतो, खोटं बोलायला मी कधीच हुशार नव्हतो. शाळेत आजोबा वारले म्हणून दांडी मारायचो तर मास्तर विचारायचे, कितव्यांदा. पण त्या पावसाळ्यात मी रोज एक नवं कारण घडवायला लागलो, रस्त्याने घरी येताना, सायकलवर, ठोकून ठोकून. भाऊ ते ओठांवरून वाचायचे, "बरं," म्हणायचे, आणि टाकीसमोर ताट मागायचे. ते जेवत होते. कमी कमी, पण जेवत होते.

पोळ्यानंतर त्यांचे पाय सुजले. मग श्वास. एके दिवशी दुपारी ते म्हणाले, ती घागर काढ. मी काढली. तिच्यावर हिरवट बुरा चढला होता. त्यांनी छायाकडे चिंच मागितली आणि मीठ. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने त्यांच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं, किती महिन्यांनी. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो, आता जिभेला लावतील, आता लावतील. नाही लावलं. सगळं मीठ त्यांनी घागरीला लावलं. उशिरापर्यंत चोळत बसले, धाप लागली की थांबत, आणि ती पुन्हा नवी दिसायला लागल्यावर माझ्या हातात देऊन आईच्या फोटोपाशी ठेवायला सांगितली. "घागरनं काम व्हयनं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी कारागिराचं विचारलं नाही, आणि मीही नवी कारणं जुळवली नाहीत. घटस्थापनेच्या आधी ते गेले. गर्दीत कुणीतरी दिवाण बाजूला ओढला तेव्हा त्याखालचे हातोडे घरंगळून फरशीवर वाजले.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात बसलो होतो. छाया परातीत पीठ घेत होती. बाहेरच्या खोलीत पंप चालू होता, दोनच माशांच्या त्या समुद्राचा आवाज येत होता. मी तिला विचारलं, की भाऊंनी ती घागर शेवटी काढायला का सांगितली असेल. त्यांना काही कळलं तर नसेल ना.

ती पीठ मळायची थांबली नाही.

"कळलं होतं. आपण जळगावहून आलो त्याच दिवशी. टाकीचे दिवे बंद होते, काच आरशासारखी झाली होती. आपली तोंडं दिसत होती त्यांना."

ती सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेल्यावर भाऊंनीच तिला जवळ बसवलं होतं. ती म्हणाली होती, मी यांना सांगते, रोज रोज खोटं बोलायची गरज नाही. तर भाऊंनी तिला गप्प केलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बोलू दे त्याले. खोटं बोलाले शिकना, म्हंजे मोठा व्हयना." तिने त्यांच्याच आवाजात म्हटलं, आणि मग आपल्या आवाजात, "तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता, ते तुमच्यापासून. मला दोघांनाही वाढायचं होतं, म्हणून मी गप्प राहिले."

कणीक झाली. तिने हात धुतले, फोडणी टाकली, आणि फळीवरून मिठाची बरणी खाली घेतली. झाकण काढून ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आज भाजीत मीठ घालू ना?" ती म्हणाली. "आता कुणी तोंडाकडे बघणारं नाही."